शिंकांच्या मागे लागलेले डॉक्टर

शुभकामाला निघताना कुणी शिंकलं तर आपण दोन मिनिटं थांबतो. एवढं सोडलं तर शिंकेला आपल्या घरात काही किंमत नाही. त्यातून ती घरातल्या बाईची असेल तर अजिबातच नाही! सकाळी अंगण झाडताना दहा-वीस शिंका, डोळे लाल, नाकाला धार आणि तरी पोळ्या लाटणं चालूच. महिना-महिना हे चाललं तरी फार तर प्रकृती नाजूक आहे असं म्हणून विषय संपतो. काही घरांत तर कामाच्या वेळीच कशा शिंका येतात, असाही शेरा ऐकायला मिळतो.

मैत्रिणींनो, आज ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या डॉक्टरांना हा त्रास स्वतःला होता. पण त्यांनी तो नशीब म्हणून सोडून दिला नाही. हात धुऊन त्याच्या मागे लागले आणि शेवटी छडा लावलाच. त्यांचं नाव चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या जगात हे नाव मोठं आहे. आपल्यापर्यंत मात्र ते फारसं पोचलेलं नाही. मी कला शाखेची पदवीधर, विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपलेला. पण या माणसाची गोष्ट वाचायला लागले आणि भाजी फोडणीला टाकायचं राहून गेलं!

ब्लॅकली यांचा जन्म १८२० मध्ये इंग्लंडमधल्या बोल्टन गावी झाला. आयुष्य गेलं ते जवळच्याच मँचेस्टरमध्ये. मँचेस्टर हे नाव आपल्याला परकं नाही. आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात ना, तेच ते कापड गिरण्यांचं शहर. ब्लॅकली यांचं घर काही डॉक्टरांचं नव्हतं. पोटापाण्यासाठी ते छपाईच्या आणि धातूवर नक्षी कोरण्याच्या धंद्यात शिरले. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळच्या वर्गांना जायचं. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शकाचा वापर असं जे मिळेल ते शिकत राहिले. पस्तिशीला आल्यावर, म्हणजे १८५५ च्या सुमाराला, चालता धंदा सोडून त्यांनी मेडिकल कॉलेजात नाव घातलं. त्या वयात! आपल्याकडे पस्तिशीतल्या बाईनं बी. ए.ला बाहेरून बसायचं म्हटलं तरी शेजारीपाजारी चर्चा होते. १८५८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि मँचेस्टरच्या हल्म भागात दवाखाना थाटला. त्यांची प्रॅक्टिस होती होमिओपॅथीची. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची ही पद्धत आपल्याकडे गावोगाव रुळलेली आहे, पण त्या वेळच्या इंग्लंडातले बडे डॉक्टर तिच्याकडे नाक मुरडून बघत. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता आजाराबद्दल. इंग्लंडमध्ये जून महिना आला की काही लोकांना शिंका, डोळ्यांची खाज, घशात खवखव आणि काहींना चक्क दमा सुरू व्हायचा. जुलै सरला की आपोआप थांबायचं. पुढच्या जूनला पुन्हा तेच. याचं नीट वर्णन लंडनच्या डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये केलं, तेही स्वतःच्याच दुखण्याचं. त्यांना लहानपणापासून हा त्रास होता. रक्त काढून झालं, अफू झाली, थंड पाण्याच्या अंघोळी झाल्या, कशाचा उपयोग नाही. उन्हाच्या उष्म्यानं हे होतं असं त्यांचं मत होतं. तिकडचे शेतकरी याच दिवसांत जनावरांच्या वैरणीसाठी गवत कापून वाळवतात, त्यामुळे सामान्य लोक त्या वाळत्या गवताच्या वासाला दोष देत. गवताला ते ‘हे’ म्हणतात, म्हणून आजाराचं नाव पडलं ‘हे फीवर’. गंमत बघा, नावातले दोन्ही शब्द चुकीचे! बहुतेकांना ताप येत नाही, आणि वाळलेलं गवतही खरा गुन्हेगार नव्हे.

ब्लॅकली यांनी १८५९ मध्ये या तपासाला सुरुवात केली. तोवर कुणी उष्णतेला दोष देत होतं, कुणी प्रखर उजेडाला, कुणी ओझोन वायूला, कुणी धुळीला, कुणी वासाला. परागकणांचं नावही एक-दोघांनी घेतलं होतं. पण कुणी ते तपासून बघितलं नव्हतं. ब्लॅकली यांनी एकेक संशयित समोर घेतला आणि प्रत्येकाची परीक्षा स्वतःच्या नाकावर घेतली. दुसऱ्या कुणावर आधी प्रयोग नाही. ताज्या कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो कुमारिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्यांनी खोलीत त्याची वाफ भरून घेतली आणि आत बसून राहिले. हे फीवर काही झाला नाही. ओझोन हुंगला, उन्हात फिरले, तरी नाही. ओल्या काडावर, म्हणजे गव्हाच्या भिजलेल्या पेंढ्यावर, जी बुरशी येते तीही त्यांनी मुद्दाम वाढवली आणि हुंगली. एका बुरशीनं मळमळलं, चक्कर आली. दुसरीनं तर आवाजच बसला, दोन दिवस तोंडातून शब्द फुटेना, आणि छातीत कफ भरला. तो प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही. पावसाळ्यात दमट कोठीतलं धान्य उपसताना ज्यांची छाती भरून येते त्यांना यात नवल वाटणार नाही. पण जूनमधल्या शिंकांचा आजार तो हा नव्हे, एवढं त्यांना पक्कं कळलं.

मग सुगावा लागला तो दोन अगदी घरगुती प्रसंगांमधून. त्यांच्या मुलांपैकी कुणीतरी फुलोऱ्यावर आलेलं गवत खुडून आणलं होतं आणि ते फुलदाणीत ठेवलं होतं. काही दिवसांनी ब्लॅकली यांचा त्याला धक्का लागला, त्यातून बारीक पिवळसर धुरळा उडाला आणि त्यांना सटासट शिंका सुरू झाल्या. दुसऱ्यांदा असंच रस्त्यानं जाताना शेजारून एक गाडी भरधाव गेली, धूळ उडाली आणि शिंकांनी त्यांना हैराण केलं. आपण काय केलं असतं? पदर तोंडाला लावून पुढे गेलो असतो. हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत गेले. तिथली धूळ पुन्हा उडवून नाकात घेतली, पुन्हा शिंका आल्या. ती धूळ त्यांनी घरी नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यात गवताचे परागकण होते.

एवढ्यावरच त्यांनी निकाल दिला असता तर त्यांचं नाव आज कुणी घेतलं नसतं. त्यांनी वेगवेगळ्या गवतांचे आणि कितीतरी फुलझाडांचे पराग गोळा केले. प्रत्येक वेळी थोडे नाकात घातले, तेही एकाच नाकपुडीत, म्हणजे दुसरीशी ताडून बघता येतं. डोळ्यांत, ओठांवर, जिभेवर लावून बघितले. पराग वाळवून जपून ठेवले आणि भर थंडीत काढले. तेव्हा बाहेर ना ऊन, ना गवत, ना धूळ. तरीही शिंका आल्याच! झालं, उन्हाळा आणि उष्णता दोन्ही बाद. माझ्या मते त्यांची हुशारी सगळ्यात जास्त दिसते ती या थंडीतल्या प्रयोगात.

त्यानंतर १८६५ च्या सुमाराला त्यांनी केलेला एक प्रयोग आज जगभरच्या दवाखान्यांत रोज होतो. त्यांनी स्वतःच्या हाताची कातडी हत्यारानं जराशी खरवडली, तिथे ओले केलेले पराग ठेवले आणि पट्टी बांधली. दुसऱ्या जागी तसंच खरवडलं, पण पराग ठेवले नाहीत. काही मिनिटांतच पराग लावलेल्या जागी खाज सुटली आणि गांधी उठली, सूज पसरत गेली. दुसरी जागा मात्र स्वस्थ! आज अ‍ॅलर्जीचे डॉक्टर हातावर रांगेनं थेंब टाकून टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांधी आली ते मोजतात, ती ‘प्रिक टेस्ट’ म्हणजे याच प्रयोगाची नात म्हणायची. त्यातही एक थेंब नुसत्या पाण्यासारखा, बिनऔषधाचा असतो.

हवेत पराग किती आहेत, हे मोजायचंही त्यांनी मनावर घेतलं. काचपट्टीला ग्लिसरीनचा चिकट लेप द्यायचा, माणूस श्वास घेतो साधारण तेवढ्या उंचीवर ती कुरणात उघडी ठेवायची आणि चोवीस तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजायचा. १८६६ च्या उन्हाळ्यात त्यांनी दररोज हे केलं. सोबत आपल्या शिंका-डोळ्यांच्या त्रासाचीही नोंद ठेवली. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर पराग वाढले की त्रास वाढतो, पावसाची झड लागून पराग खाली बसले की त्रास उतरतो. शहराच्या गर्दीत पराग कुरणापेक्षा बरेच कमी भरले. पुढे तर त्यांनी काचपट्ट्या पतंगाला बांधून हजार फुटांच्याही वर चढवल्या! तिथे पराग जमिनीलगतच्यापेक्षा कितीतरी पट जास्त सापडले. म्हणजे दूरच्या शेतातलं गवत वाऱ्यावर स्वार होऊन शहरात शिंका पोचवू शकतं, हे सिद्ध झालं. चाळिशी उलटलेला, रुग्णांच्या गर्दीतला डॉक्टर संध्याकाळी माळावर पतंग उडवतोय म्हटल्यावर लोक काय म्हणत असतील, देव जाणे. सरकारी मदत नाही, प्रयोगशाळा नाही, सगळी पदरमोड. नक्षी कोरणाऱ्या हातांना हे बारीक, वेळखाऊ काम जमलं असावं असं आपलं मला वाटतं.

हे सगळं त्यांनी १८७३ मध्ये पुस्तकात मांडलं. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. पुस्तकाची प्रत उत्क्रांतीवाले चार्ल्स डार्विन यांना पाठवली. डार्विन यांनी ती आस्थेनं वाचली आणि पत्र लिहून दाद दिली. पण डॉक्टर मंडळींनी? बहुतेकांनी दखलच घेतली नाही. होमिओपॅथीवाल्याचं काय वाचायचं, असा त्यांचा तोरा असणार. १८८० मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली, तरी घरच्या मैदानात मान मिळायला उशीरच झाला.

ब्लॅकली यांच्या हातून एक प्रश्न मात्र सुटण्यासारखा नव्हता. परागकणात असं काय आहे? डोळ्यांना न दिसणारा पिवळा कण नाकात जातो आणि सगळं शरीर पेटून उठल्यासारखं का वागतं? त्यासाठी लागणारं रसायनशास्त्र त्यांच्या काळात जन्मालाच आलं नव्हतं. त्याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं, आणि ते कळल्यावर मला स्वतःला गवताबद्दलचा राग जरा कमी झाला. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

गवताचा परागकण केसाच्या जाडीच्या साधारण निम्मा असतो. त्याला दोन भिंती असतात. बाहेरची भिंत इतकी चिवट, की हजारो वर्षं मातीत गाडली गेली तरी ओळखू येते. आतली भिंत मऊ. गवताच्या कणाला बाहेरच्या भिंतीत एकच बारीक भोक असतं. या भिंतींच्या थरांत आणि आतल्या रसात कणानं काही प्रथिनं भरून ठेवलेली असतात. डाळीतली, दुधातली नव्हेत हं, पण जात तीच. बाहेरच्या भिंतीच्या सांदीफटींत असतात ती प्रथिनं कणाला त्याच्या आईनं, म्हणजे पराग घडवणाऱ्या झाडाच्या पेशींनी लावून दिलेली असतात. आतल्या भिंतीतली त्याची स्वतःची. ऑस्ट्रेलियातले ब्रूस नॉक्स आणि इंग्लंडचे जॅक हेस्लॉप-हॅरिसन यांनी १९७० च्या सुमाराला हे दाखवून दिलं.

आता ही शिदोरी कशासाठी? वाऱ्यावर उडालेला कण फुलाच्या कुक्षीवर पडला की तिथल्या ओलाव्यानं तो फुगतो आणि भिंतीतली प्रथिनं काही मिनिटांतच बाहेर झिरपतात. आपण योग्य घरी आलो का, याची ओळखपाळख त्यांच्यामार्फत होते. काही प्रथिनं तर फुलाच्या आतला रस्ता सैल करतात, म्हणजे कणातून निघणारी नळी आत शिरून बी धरू शकते. आणि आत पिठाचे बारीक दाणे भरलेले असतात. ती नळी वाढायला लागणारी ऊर्जा त्यांतून मिळते.

थोडक्यात, ओल लागली की प्रथिनं सोडायची, एवढंच त्या कणाला ठाऊक. आणि आपलं नाक, आपले डोळे ओले! कण बिचारा नाकात पडतो आणि जे फुलात करायचं तेच इथे करतो. बहुतेकांच्या शरीराला त्याचं काही वाटत नाही. काहींचं शरीर मात्र या प्रथिनांना शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाचे पहारेकरी तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की पहारेकरी हाकाटी करतात, काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात, आणि मग शिंका, पाणी, खाज. सर्दीची जी गोळी आपण दुकानातून सर्रास आणतो, ती या हिस्टामिनलाच अडवते. हे आयजीई शोधण्यात एका बाईचा वाटा होता, हे सांगायलाच हवं. जपानच्या तेरुको इशिझाका आणि त्यांचे पती किमिशिगे या दोघांनी अमेरिकेत डेन्व्हरला काम करून १९६६ मध्ये ते दाखवून दिलं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनीही त्याच सुमाराला स्वतंत्रपणे शोधलं.

इथे एक गैरसमज दूर करते. नाक वाहू लागलं की काही जणी आधी दारातला मोगरा-जास्वंद उपटून टाकतात. रंगीत, वासाची फुलं कीटकांसाठी असतात. त्यांचे पराग चिकट, जड, हवेत फारसे उडत नाहीत. त्रास देतात ती ज्यांच्याकडे आपण ढुंकून बघत नाही अशी साधी, वाऱ्यावर अवलंबून असलेली गवतं आणि तणं. आपल्याकडे पावसाळा ओसरताना गवतं फुलोऱ्यावर येतात. शिवाय गाजर गवत आहेच. परदेशातून आलेल्या या तणाची पुण्यात नोंद झाली ती १९५० च्या दशकात. आता ते नाही असा गावाकडचा रस्ता दाखवा! त्याच्या परागांनी नाक वाहतं आणि झाड हाताळलं तर कातडीही खाजते. बायका ते उघड्या हातांनी उपटतात, याची मला फार काळजी वाटते. हातमोजे घालावेत, आणि शक्यतो फुलं यायच्या आधीच उपटावं.

पराग आणि पाऊस यांचं नातं मात्र नुसतं पाऊस आला आणि पराग धुतले गेले, इतकं सरळ नाही. मनुका साध्या पाण्यात भिजत घातल्या की टम्म फुगतात, पाकात घातल्या तर तेवढ्या फुगत नाहीत. परागाचंही तसंच. नाकातल्या खारट ओलीत त्याची प्रथिनं झिरपतात, पण कण सहसा फुटत नाही. पावसाच्या साध्या पाण्यात मात्र तो इतकं पाणी पितो, की त्या एका भोकातून फुटून आतले पिठाचे दाणे बाहेर उधळतात. मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये राय गवतावर हे दाखवलं. एका कणातून साधारण ७०० दाणे निघाले. आणि अ‍ॅलर्जीचं एक जबरदस्त प्रथिन नेमकं या दाण्यांत साठवलेलं असतं. अख्खा कण मोठा असल्यानं बहुधा नाकात अडकतो. हे दाणे इतके बारीक, की थेट फुप्फुसात उतरतात. म्हणजे नाकाचा आजार छातीचा होतो.

मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी नेमकं हेच घडलं. गवत फुललेलं, दिवस तापलेला, आणि अचानक वादळ आलं. वाऱ्यानं फुटक्या परागांचा लोट शहरावर आणला. पुढच्या तासांमध्ये हजारो माणसं श्वास लागून इस्पितळांत धावली, दहा जण दगावले. यात अनेकांना पूर्वी दमा नव्हता, फक्त गवताच्या दिवसांत शिंका यायच्या. भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण त्यांत बरंच होतं. आता आपल्याही ओळखीतल्या कितीतरी घरांतली मुलं-सुना तिकडे आहेत. त्या राज्यात २०१७ पासून ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत अशा वादळी दम्याचा अंदाज जाहीर करायला सुरुवात झाली. फोनवर बोलताना मुलीला हवा कशी आहे विचारता, तसं हेही विचारा. शिंकांचा त्रास असेल तर अशा दिवशी वादळाच्या आधी घरात यायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ ठेवायचा.

तर पुन्हा ब्लॅकली यांच्याकडे. त्यांच्या नोंदींमध्ये एक कोडं होतं. हे फीवरचे रुग्ण सगळे शिकलेले, शहरी, बऱ्या घरातले. रात्रंदिवस गवतात राबणाऱ्या शेतकऱ्यांना मात्र तो क्वचितच व्हायचा. ज्याच्या नाकात सगळ्यात जास्त पराग, तोच ठणठणीत! त्या काळच्या बऱ्याच लोकांनी यावरून हा खानदानी, नाजूक मेंदूच्या लोकांचा आजार ठरवून टाकला होता. ब्लॅकली यांनाही शिक्षणानं मज्जासंस्था हळवी होते, हे शक्य वाटत होतं. पण त्यांनी दुसरी शक्यताही लिहून ठेवली. सतत पराग अंगावर घेतल्यानं शेतकऱ्याचं शरीर त्याला सरावत असेल.

माझं एक मत इथे नोंदवते. डॉक्टरांकडे पोचतो तोच रुग्ण मोजला जातो. आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात शेतमजूर बायका येतात त्या कंबरदुखी सांगायला. शिंका येतात का, दम लागतो का, असं खोदून विचारलं तरच सांगतात, कारण त्यासाठी मजुरी बुडवून दवाखान्यात जाणं त्यांना परवडत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली शेतमजूर बाई तरी शिंकांसाठी डॉक्टरांकडे गेली असेल का? त्यामुळे तो फरक नोंदींत दिसतो तेवढा मोठा असेल, याबद्दल मला शंका आहे. पण फरक खोटा होता असंही म्हणता येत नाही. जनावरांच्या गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांना अ‍ॅलर्जी कमी होते, असं युरोपातल्या अलीकडच्या अभ्यासांतही दिसलं आहे.

ब्लॅकली यांनी शेवटपर्यंत दवाखाना चालवला, पुढे ब्रुसेल्सहून एम. डी.ही मिळवली. स्वतःच्या आजारावर खात्रीचं औषध मात्र त्यांना सापडलं नाही. पराग टाळायचे, समुद्राकाठी जायचं, एवढंच हाती होतं. १९०० मध्ये, ऐंशी वर्षांचे होऊन ते वारले. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दही तेव्हा नव्हता, तो १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला.

सरावाची ती शक्यता पुढे खरी करून बघितली लंडनच्या सेंट मेरी इस्पितळातल्या लिओनार्ड नून या तरुण डॉक्टरांनी. १९११ मध्ये त्यांनी गवताच्या परागांचा अर्क अगदी किंचित प्रमाणात रुग्णांना टोचायला सुरुवात केली आणि मात्रा हळूहळू वाढवत नेली. त्यांचा सगळा हिशेब शरीर सरावतं या कल्पनेवर नव्हता, परागांत विष असतं असं त्यांना वाटत होतं. उपाय मात्र लागू पडला. नून क्षयानं दोनच वर्षांत गेले. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेलं. हीच उपचारपद्धत आज सुधारून वापरली जाते. इंजेक्शन किंवा जिभेखाली ठेवायचे थेंब-गोळ्या अशी ती मिळते आणि साधारण तीन ते पाच वर्षं घ्यावी लागते. आधी प्रिक टेस्ट किंवा रक्ताची तपासणी करून नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे ते ठरवतात. इंजेक्शन घेतल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबायला सांगतात, कारण क्वचित कुणाला त्याचीच तीव्र प्रतिक्रिया येते.